घोटीच्या गिरणीतला ‘तिसरा गिअर’

नाशिकला जाऊन मी पंचवटीत पाऊल टाकलं नाही, गोदावरीत हात बुडवला नाही आणि त्र्यंबकेश्वरचं तर नावही काढलं नाही, हे कळल्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

“अगं, मग गेली होतीस कशाला?”

“तांदूळ आणायला,” मी म्हटलं.

पाच किलो इंद्रायणी खरंच आणला होता, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. पण मिरजेहून नाशिकला तांदळासाठी कोण कशाला तडफडेल? मी गेले होते एका गायकाला सत्काराचं आमंत्रण द्यायला. आणि तिथं दोन दिवसांत मला असे काही धक्के बसले की परत येऊन आठवडा झाला तरी नववीच्या वर्गात दख्खनचं पठार शिकवताना मी मध्येच थांबते आणि “अगं बाई!” म्हणते. पोरं हसतात. हसू देत.

आधी माझं खूळ सांगते. मी शेहेचाळीस वर्षांची, भूगोलाची मास्तरीण, आणि मला मराठी रॉक लागतो. मराठीत रॉक असतो का, असं विचारणारी माणसं मला रोज भेटतात. होता हो, होता! कॅसेटचा जमाना संपत आला होता तेव्हा गावोगावची पोरं उसन्या गिटारी घेऊन नुसता धुरळा उडवत होती. विदर्भातल्या पोरांचा ‘लोडशेडिंग’ नावाचा बँड होता. त्यांचं ‘मेणबत्ती विझव’ सुरू होतं तेच मुळी पंखा बंद पडतानाच्या आवाजानं. घरघर हळूहळू मंदावते, आणि तो सगळा आवाज गिटारवर काढलेला! सोलापूरकडचा ‘काळी पाटी’ होता. त्यांच्या ‘पुसून टाक’मध्ये ड्रमवाला असा काही बडवतो की गणिताचे मास्तर मागून आले की काय म्हणून मी अजून दचकते.

आणि या सगळ्यांच्या वर, माझ्या यादीत कायम पहिला, नाशिकचा ‘तिसरा गिअर’. आयुष्यात एकच कॅसेट काढली, ‘घाटरस्ता’. सहा गाणी. स्टेजवर एकही कार्यक्रम नाही, का नाही ते कुणालाच ठाऊक नाही. त्यातलं शेवटचं गाणं ‘भुसा’ म्हणजे तर, काय सांगू! पातळ, चिरका, घसा सोलून काढल्यासारखा आवाज.

*उडतोय भुसा, उडू दे*
*डोळ्यांत जातोय, जाऊ दे*
*दाणा कुणाचा, विचारू नको*
*मशीन चालू हाय, चालू दे*

या गाण्याखाली एक सततची गडगड आहे आणि त्या गडगडीत ठरावीक अंतरानं एक ‘थप’ येतो. ड्रमचा नव्हे, ड्रमच्या किंचित मागून. त्या थपवर मी जीव ओवाळून टाकला होता. आम्हा अकरा वेड्यांचा जुन्या कॅसेटींचा एक ग्रुप आहे, त्यात मी त्यावर चार पानं लिहिली होती. मशीन म्हणजे भांडवलशाही, भुसा म्हणजे सामान्य माणूस आणि थप म्हणजे काळाचं पाऊल. लोकांनी टाळ्या आणि अंगठे पाठवले होते.

कॅसेटच्या आतल्या कागदावर चार पोरांचा फोटो होता. सगळ्यात पुढे कुरळ्या केसांचा एक, खाली छापलेलं, ‘गायक : राजेंद्र’. मी अकरावीत होते. प्रेमात पडले म्हणा की! छापलेल्या पत्त्यावर पत्र धाडलं की मलाही गिटार वाजवायचीय, पण घरचे म्हणतात मुलीच्या जातीला हा धिंगाणा शोभत नाही. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती. ‘आवाज करायचा असेल तर मोठ्या आवाजाच्या शेजारी बसून करा. – तिसरा गिअर.’

केवढं तत्त्वज्ञान! थोरांच्या सहवासात राहा, असा मी त्याचा अर्थ लावला आणि ती ओळ डायरीच्या पहिल्या पानावर लिहिली. गिटार काही शिकले नाही, बीएड केलं. पण शाळेच्या प्रत्येक निरोप समारंभात ती ओळ मी पोरांना ऐकवत आले आहे.

यंदा ग्रुपनं ठरवलं, राजेंद्र यांना मिरजेत बोलावून सत्कार करायचा. त्यांचा पत्ता मिळाला, फोन झाला आणि डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी शाल, नारळ, आमंत्रणाचा नमुना, जुना वॉकमन आणि कॅसेट घेऊन मी नाशिकला उतरले.

शुक्रवार, इंदिरानगर

पहिला धक्का दार उघडल्या उघडल्या. कुरळे केस गायब! समोर गुळगुळीत टक्कल, पोटावर ताणलेला टी-शर्ट आणि हातात फरशांचे नमुने. राजेंद्र यांचं टाइल्सचं दुकान आहे. माणूस मात्र अतिशय गोड. त्यांच्या पत्नी स्मितावहिनींनी मला हाताला धरून आत नेलं. भिंतीवर कॅसेटचा तो कागद चक्क चौकटीत लावलेला होता.

“आमच्या लग्नात सासरे सगळ्यांना हेच दाखवत होते,” वहिनी म्हणाल्या. “पण मेलं आमचं नशीब बघा, लग्न ठरेपर्यंत यांचा घसा गेला. मी एकदासुद्धा ऐकलं नाही यांना गाताना.”

“एकदासुद्धा?”

“अंगाईसुद्धा नाही हो.”

मी हळहळले. मग शाल घातली, नारळ दिला, वहिनींनी फोटो काढला. राजेंद्र शाल घेताना असे आक्रसले होते, जणू कुणी ओला टॉवेल टाकलाय अंगावर. मला वाटलं, नम्रता! मोठी माणसं अशीच असतात, असं मी मनात म्हटलंदेखील.

मग मी वही काढली आणि कित्येक वर्षं साठवलेला प्रश्न विचारला. “‘भुसा’मधला तो थप. तो सुचला कसा तुम्हाला?”

“कुठला थप?” राजेंद्र म्हणाले.

मी तीनताड उडाले. कुठला थप? ताजमहाल बांधणाऱ्यानं कुठला घुमट म्हणावं तसं! मी वॉकमन काढला, बटण दाबलं आणि आमच्या त्या बाबा आदमच्या वॉकमननं तिथंच फीत गिळली. कररर आवाज झाला आणि फितीचं भेंडोळं बाहेर आलं. मी किंचाळलेच, कारण ही कॅसेट दुसरीकडे कुणाकडे असल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. वहिनींनी पेन्सिल आणून दिली, मी फीत गुंडाळत बसले आणि गुंडाळता गुंडाळता म्हटलं, बरं, निदान दुसरं कडवं तरी म्हणून दाखवा, नुसते शब्द.

राजेंद्र छताकडे बघत राहिले. त्यांना दुसरं कडवं आठवेना. स्वतःचं गाणं आठवेना! मला तर मेलं झोपेतून उठवलं तरी येतं.

“फार जुनी गोष्ट आहे मॅडम,” ते घाम पुसत म्हणाले. डिसेंबरात घाम. “गिटारवाला बंगळूरला गेला, ड्रमवाल्याचा पत्ता नाही. सोडा ना.”

“मग मला ती जागा तरी दाखवा. कॅसेटवर घोटीच्या राईस मिलचा पत्ता आहे. रेकॉर्डिंग तिथंच झालं ना?”

“ती शेड पाडली,” ते घाईनं म्हणाले. “काही उरलं नाही तिथं. डोंगर बघायचे तर सप्तशृंगीला जा.”

“पाडली कुठं?” स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. “मागच्या रविवारी तर तुमच्या ताईंकडून नवा तांदूळ आणलात!”

राजेंद्र यांचा चेहरा असा झाला की मीच नजर वळवली. मला राग आला होता. लांबून आलेल्या माणसाशी खोटं बोलायचं म्हणजे काय? थांबा म्हटलं, आता तर घोटीला जातेच. निघताना वहिनींना तसं सांगितलंही.

शनिवार, नाशिक ते घोटी

निघण्याआधी मिसळ खाल्ली, कारण नाशिकला येऊन ती खाल्ली नाही तर नवरा घरात घेणार नव्हता. आमच्याकडे मिसळ म्हणजे रस्सा, पाव आणि डोळ्यांतून पाणी. इथं ताटात पापड! दही! आणि शेजारी जिलेबी! मी वाढणाऱ्याला म्हटलं, “दादा, जेवायला नाही बसले, मिसळ मागितलीय.” तो म्हणाला, “मॅडम, हीच मिसळ आहे. पापड चुरून टाका आणि मग बोला.” टाकला. बोलती बंद झाली. तेवढ्यात वाटी कलंडली आणि माझ्या भांडवलशाहीवरच्या चार पानांवर काळा रस्सा सांडला. तेव्हा मी हळहळले, पण आता वाटतं, त्या पानांची तीच लायकी होती.

महामार्ग स्टँडवरून एसटी पकडली. गावं मागे पडली तसं भाताचं रान सुरू झालं. कापणी उरकलेली, नुसती खुंटं उभी, आणि पलीकडे डोंगर एकाच्या पाठीमागे एक, धुक्यात कमरेपर्यंत बुडालेले. मी फळ्यावर किती वर्षं सह्याद्री काढतेय, पण असा अंगावर येताना पाहिला नव्हता. खिडकीतून थंडी अशी झोंबत होती की राजेंद्रना दिलेली शाल परत मागावी, असं वाटून गेलं.

घोटीत उतरून एका दुकानदाराला विचारलं, “राजेंद्र यांची राईस मिल कुठे?”

“कोण राजेंद्र?”

मी कपाळाला हात लावला. “अहो, ते गायक. राजेंद्र. तिसरा गिअर!”

“गिअर पलीकडं गॅरेजात मिळंल,” तो म्हणाला. “आन गिरणी म्हणाल तर मंगलबाईची हाय. अशा सरळ जा. आवाज येईल.”

आवाज आलाच. रस्त्याला लागून शंभर पावलं गेले असेन आणि थबकले.

गडगड, गडगड. थप. गडगड, गडगड. थप.

भर बाजारात, ट्रॅक्टर, हातगाड्या आणि कोबीच्या ढिगामध्ये मी पुतळ्यासारखी उभी राहिले. एक बाई मला ओलांडून गेली आणि “चक्कर आली का?” म्हणून वळून परत आली. मी तिला काय सांगणार? जो थप मी काळाचं पाऊल म्हणून उशाशी घेऊन झोपत होते, तो समोरच्या पत्र्याच्या शेडमधून येत होता.

आत अंधारा गारवा आणि हवेत तरंगणारा भुसा. बाकड्यावर पाच-सात माणसं भाताची पोती घेऊन नंबराची वाट बघत बसलेली. मधोमध जुनं धूड आणि त्याला मोटरपासून आलेला एक लांब रुंद पट्टा. पट्टा कधीतरी तुटून जोडलेला होता. तो जाड जोड चाकावरून गेला की थप. बस्स. एवढंच! भांडवलशाही नाही, काळ नाही. जोड!

मी हसावं की रडावं या विचारात होते, तेवढ्यात पट्ट्याच्या पलीकडून कुणीतरी त्या सगळ्या गोंगाटाच्या वरून हाक मारली.

“ओ मामा! पोतं इकडं घ्या, इकडं!”

मी आवाजाकडे वळले. हातातली पिशवी पडली.

तो आवाज. पातळ, चिरका, घसा सोलून काढल्यासारखा. ‘उडू दे’मधला ‘ऊ’ जिथं फाटतो, तिथंच ‘इकडं’मधला ‘इ’ फाटला. मी तो आवाज हजार वेळा ऐकलाय, माझी चूक होणं शक्य नाही. आणि तो आवाज एका बाईच्या तोंडातून येत होता. नववारीवर पुरुषी शर्ट चढवलेला, डोक्याला फडकं, भुवया भुशानं पांढऱ्या.

त्या पोतं उलटून परत वळल्या आणि कामाच्या नादात त्यांचे ओठ हलू लागले. काही ऐकू येत नव्हतं. पण ओठांवरून मला कळत होतं. *दाणा कुणाचा, विचारू नको.* कळणार नाही होय?

शेजारच्या आजीबाईंना मी विचारलं, “काय म्हणतायत त्या?”

“मंगल व्हय? नामस्मरण,” आजी म्हणाल्या. “लय देवभोळी हाय. मशीन चालू झालं की तिचं जे सुरू व्हतं ना!”

गिरणीच्या मागची खोली

मी जवळ गेले आणि काही न बोलता कॅसेटचा कागद त्यांच्यासमोर धरला. मंगलताईंनी तो पाहिला, मला पाहिलं, हात शर्टला पुसले आणि मशीनवर एका माणसाला उभं करून मला मागच्या खोलीत नेलं. खोली चारी बाजूंनी पोत्यांनी भरलेली. दार लावलं तरी गडगड भिंतीतून येतच होती.

“राजूनं पाठवलं?”

“नाही. ते नको म्हणत होते.”

“म्हनलंच असंल,” त्या म्हणाल्या. “बसा. हितंच झालं सगळं. तुम्ही बसलाय ना, तिथं ड्रम व्हता.”

मी ताडकन उठून उभी राहिले. त्या हसायला लागल्या.

मग त्यांनी सांगितलं, नागलीची भाकरी थापता थापता. आमच्याकडे नाचणी म्हणतात तीच. आमच्याकडे ती आजारी माणसाला आंबील करून देतात. इथं गरम भाकरी, वर ठेचा आणि नव्या तांदळाचा भात. मी धक्क्यात असूनही तीन भाकऱ्या खाल्ल्या, हे कबूल करते.

“बँड राजूचा. शब्द माझे, गळा माझा,” त्या म्हणाल्या. “त्याला लय हौस, पण सूर नाय. मी एकोणीसची. घरात स्थळं येत व्हती. पोरगी पोरांच्यात बसून वरडती हे गल्लीत कळलं असतं तर संपलंच. पत्र्याची शेड ही, खोकला काढला तरी रस्त्यावर जातो. मग आमी मशीन चालू असताना गायचो. बाहेर नुसती गडगड.”

“म्हणजे ती गडगड... तो थप...”

“त्याला काय करणार? मशीन बंद केलं की मी बी बंद.”

मी डोक्याला हात लावून बसले. म्हणून एकही कार्यक्रम नाही! स्टेजवर राईस मिल कुठून नेणार? आणि ते पोस्टकार्ड! मी पर्स उघडली आणि पिवळं पडलेलं कार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मोठ्या आवाजाच्या शेजारी बसून करा. ते तत्त्वज्ञान नव्हतंच. माहीत असलेला एक साधा उपाय एका मुलीनं दुसरीला सांगितला होता. आणि मी, गाढव, निरोप समारंभात भाषणं ठोकत बसले!

मंगलताईंनी कार्ड उलटंपालटं केलं आणि एकदम माझा दंड धरला.

“तू मिरजेची वैशाली? निळ्या शाईची?”

“तुम्हाला आठवतंय?”

“न आठवायला काय झालं! सगळ्या बँडला मिळून एकच तर पत्र आलं व्हतं.”

हा आणखी एक धक्का. मला वाटायचं, त्यांच्याकडे पत्रांच्या गोण्या येत असतील.

“आन शेवटी तू लिवलंवतंस ना,” त्या पदर तोंडाशी नेत म्हणाल्या, “की तुमी हो म्हनाल तर मी लग्नाला बी तयार हाय. ते मी राजूला नाय दाखवलं. म्हनलं, पोरगी बिचारी माझ्या गळ्याशी लगीन लावाया निघाली, आन गळ्यात पडंल राजू!”

दोघी इतक्या हसलो की भाकरी करपली. पण हसू ओसरल्यावर मी कॅसेटचा कागद पुढं सरकवला. “आणि कागदावर नाव?”

“माझंच व्हतं आधी. बाबांनी कॅसेट ऐकली. मान खाली घालून सगळी ऐकली. मग म्हनले, राजूचा आवाज चांगला हाय.” त्या चुलीकडे बघत होत्या. “बापाला पोरीचा आवाज कळत नाय व्हय? कळला व्हता. त्यांनी तसं म्हनल्यावर राजू काय बोलला नाय, मी बी नाय. छापताना नाव बदललं.”

“नंतर? इतक्या वर्षांत?”

“लगीन झालं हितंच. मालक इगतपुरीला रेल्वेत. राजू नाशकाला गेला, गिरणी माझ्याकडं आली. वाईट नाय हं तो. बहिणीला धरून हाय.”

“आणि गाणं?”

“रोज गाते की!” त्या म्हणाल्या. “दिवसभर गाते. कुणाला ऐकू जात नाय, एवढंच.”

मला रडू फुटलं. सांगायला लाज कसली? शाल मी स्वतःच्या हातानं घातली होती, कालच, चुकीच्या खांद्यावर. आमंत्रणाच्या नमुन्यावर मी स्वतः टाइप केलं होतं, ‘आवाजाचा बादशहा’. मी तो नमुना काढून फाडायला लागले तर मंगलताईंनी हात धरला.

“राहू दे. त्याच्या घरात भिंतीवर लावलंय ते. बायकोला ठावं नाय. तू सत्कार कर त्याचा. मला काय, मी हाय तशी हाय.”

“मी नाही करणार,” मी म्हटलं. “आणि का नाही ते ग्रुपला सांगणार.”

“मग माझ्या भावाचं घर मोडंल,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि उठून मशीनकडे गेल्या.

आता बोला! खरं सांगावं तर भावाची अब्रू जाते, न सांगावं तर तिचा आवाज भुशात जातो. आणि निवाडा करणार कोण, तर मी. जिला आजवर थप आणि जोड यांतला फरक कळला नव्हता.

त्याच दिवशी, दुपार

बाहेर गाडी थांबली. राजेंद्र! वहिनींकडून मी कुठं गेले ते कळल्यावर दुकान टाकून आले होते. हातात पिशवी, पिशवीत कालची शाल. दारातच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. मी जीभ आवरून धरली होती. आवरली नसती तर काय काय बोलले असते देव जाणे.

“रात्रभर झोप नाही मॅडम,” ते माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, कारण मशीन चालू होतं. “स्मिताला सकाळी सांगितलं. सगळं सांगितलं.”

“मग?”

“ती म्हणाली, म्हणून अंगाई नव्हती होय. आणि चौकट उतरवून ठेवली.” त्यांनी डोळे पुसले, भुशाचं निमित्त करून. “बाबा गेल्यावर सांगायचं होतं. मग दिवस गेले. लोक विचारायचे, मी घसा गेला म्हणायचो. म्हणता म्हणता खरंच गेला की काय, असं वाटायला लागलं मला.”

मी बोट दाखवलं. पट्ट्यापलीकडे मंगलताई आमच्याकडे पाठ करून धान्य सरकवत होत्या. मान किंचित तिरकी, खांदे ठेक्यात हलतायत. बाकड्यावरची माणसं कंटाळून बसलेली. बाई नामस्मरण करतेय, त्यांना त्याचं काय!

राजेंद्रनी शालीची पिशवी माझ्या हातात दिली. भिंतीपाशी गेले. तिथं मोटरचं बटण होतं, लाल. त्यावर तळहात ठेवून ते क्षणभर थांबले. मला वाटलं, नाही जमायचं यांना. आणि त्यांनी ते दाबलं.

गडगड खाली बसत गेली. थप. थप. जरा थांबून, थप. मग पट्टा लोंबला आणि शेडमध्ये एकटा आवाज उरला.

*“...जाऊ दे, दाणा कुणाचा...”*

मंगलताई गर्रकन वळल्या. तोंड उघडंच राहिलं होतं. चोरी पकडल्यासारख्या त्या लाल बटणावरच्या भावाच्या हाताकडे बघत राहिल्या. बाकड्यावरची सगळी माणसं उभी राहिली होती. रस्त्यावरचा हातगाडीवाला थांबून आत डोकावला. राजेंद्रनी हात काढला नाही. नुसती मान हलवली, गा म्हणून.

त्यांनी ओठ मिटले. आणि मग डोक्याचं फडकं सोडून, भावाकडे बघत, त्यांनी सोडलेल्या ओळीपासून पुढं उचललं.

*“...विचारू नको!”*

अहो, काय तो आवाज! पत्रा थरारला. कॅसेटमध्ये जेवढा ऐकला होता तो निम्मासुद्धा नव्हता, निम्मा मशीननं खाल्ला होता. दुसरं कडवं आलं, जे राजेंद्रना आठवत नव्हतं, आणि तिसरं आलं, जे कॅसेटवर नव्हतंच. ते मला माहीत नसलेलं कडवं! मी पोत्याला धरून उभी होते आणि माझे गाल ओले झालेले मला कळलंही नाही. हातातली पिशवी राजेंद्रनी केव्हा परत घेतली, तेही कळलं नाही. गाणं संपलं तेव्हा शाल मंगलताईंच्या खांद्यावर होती, भुशासकट.

मघाच्या आजीबाई राजेंद्रकडे वळल्या. “अरं, ही गाती व्हय? मला वाटलं देवाचं करती.”

“हीच गायची आजी,” राजेंद्र म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल असं. “पहिल्यापासून हीच. मी कधीच नाही.”

आजीबाईंनी मंगलताईंचा हात धरला आणि चक्क रागावल्या. “मंगले, मी हितं भात घेऊन यायला लागले तवा माझी कंबर सरळ व्हती. इतकी वर्सं का नाय ऐकवलंस गं?”

मंगलताईंनी भावाकडे पाहिलं, मग थांबलेल्या पट्ट्याकडे.

“मशीन चालू व्हतं ना आजी,” त्या म्हणाल्या.